पाणी लागलं का? ट्रेलरमधल्या सांध्यांची गोष्ट

केज तालुक्यातली चार पोरं हार्डडिस्क घेऊन अंबाजोगाईला माझ्याकडे आली, तेव्हा त्यांची फिल्म तयार होती. ३४ मिनिटांची. म्हाताऱ्याला बोअर घ्यायचा नाही, मुलाला घ्यायचाच आहे. पैसे उभे करायला गोठ्यातला शेवटचा बैल बाजारात जातो. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरतो, आणि एका रात्री बोअरची गाडी येते. मला करायचा होता त्याचा ट्रेलर. “दादा, दीड मिनिटात बसवा,” दिग्दर्शक पोरगा म्हणाला, “आणि ट्रान्झिशन लै भारी टाका.”

त्या रात्री मी टाकले. झूम होत होत दुसऱ्या शॉटमध्ये घुसणारं, टीव्हीचा सिग्नल गेल्यासारखं चित्र फाडणारं, पांढरा लखलखाट, फिरकी, कोपऱ्यातून पान उलटणारं. सकाळी आईला दाखवलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, “समदं भारी हाय, पण ते म्हातारं कोन होतं रे?”

म्हातारा त्या फिल्मचा नायक. दीड मिनिटात तो २२ वेळा येऊन गेला होता आणि आईची त्याच्याशी एकदाही गाठ पडली नव्हती. तो नीट दिसायच्या आत दर वेळी माझी करामत मध्ये तडमडत होती.

ट्रेलर परत बांधायला घेतला. तो बांधताना पोरांना जे समजावून सांगावं लागलं, तेच इथे सांगतो. ट्रान्झिशन या शब्दाने उगाच धाक बसतो, म्हणून मी त्याला सांधा म्हणतो. एक शॉट संपतो, दुसरा सुरू होतो, ती जागा म्हणजे सांधा. सुताराला विचारा, चौकटीचं लाकूड सगळेच बघतात, पण ती टिकते सांध्यावर.

सगळ्यात साधा सांधा म्हणजे कट. व्हिडिओ ही स्थिर चित्रांची माळ असते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं, आपल्याकडच्या टीव्हीच्या मापात २५. म्हणजे एका चित्राचं, एका फ्रेमचं आयुष्य ४० मिलिसेकंद. पहिल्या शॉटची शेवटची फ्रेम आणि दुसऱ्याची पहिली फ्रेम यांच्या मध्ये काहीही नसलं की तो कट. रिळांच्या काळात हे खरोखरचं कापणं होतं. जत्रेतल्या तंबूत रीळ तुटली की ऑपरेटर दोन्ही टोकं खरवडून फिल्म-सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडायच्या खास गोंदाने, चिकटवायचा आणि फाटक्या फ्रेम टाकून द्यायचा. सिनेमा माळेगावच्या जत्रेला पोचेपर्यंत असे इतके तुकडे गळालेले असायचे, की दारात उभा असलेला हिरो एकदम खाटेवर. लोक शिट्ट्या मारायचे, पण गोष्ट कुणाची चुकायची नाही. मधली गळालेली जागा मेंदू आपली आपण भरून घेतो. एडिटिंगचा सगळा धंदा मेंदूच्या या एका खोडीवर चालतो.

ही खोड किती खोल आहे ते लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने साधारण १०० वर्षांपूर्वी दाखवलं. इवान मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट त्याने वेगवेगळ्या चित्रांना जोडला. सुपाच्या थाळीला जोडला तर लोकांना नट भुकेला वाटला, शवपेटीतल्या मुलाला जोडला तर दुःखी. चेहरा तोच होता. मी पोरांसमोर हेच करून दाखवलं. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याचा एक शॉट घेतला. पुढे रिकामा खुंटा लावला, म्हातारा शोकात बुडाला. बोअरची गाडी लावली, म्हातारा चिडला. काळा ढग लावला, म्हातारा आशेला लागला. मग विचारलं, शूटिंगच्या वेळी आजोबा नेमकं काय करत होते? दिग्दर्शक म्हणाला, “काय न्हाई दादा, चहाची वाट बघत होते.” ते त्याचे सख्खे आजोबा.

तर सांध्याला अर्थ असतो, आणि तो कुठल्याच शॉटमध्ये नसतो, दोघांच्या मध्ये असतो. मग कट सोडून बाकीचे प्रकार कशाला निघाले? काळ सांगायला. एक चित्र विरत असताना त्याच्यावर दुसरं उमटतं, त्याला डिझॉल्व्ह म्हणतात. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या भाषेत मिक्स. त्याचा ठरीव अर्थ म्हणजे मध्ये काही वेळ गेला, किंवा माणसाला काही आठवलं. पडदा हळूहळू काळा होतो तो फेड आउट. म्हणजे प्रकरण संपलं, नवीन सुरू होईल. नव्या चित्राची कड सरकत सरकत जुनं चित्र पुसत जाते तो वाइप. ‘इकडे हे चाललंय, तोवर तिकडे’ हे सांगायला बरा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये असे वाइप मोप आहेत, आणि ते जुन्या मालिका-सिनेमांची व जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाची आठवण ठेवून घातलेले आहेत.

आपल्याकडच्या माणसाला वाइप समजायला खरं तर सिनेमाची गरज नाही. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, पाहा. एकामागून एक प्रसंग आहेत, तोच राजपुत्र परत परत येतो, पण चौकटी नाहीत. मध्ये एखादा खांब, एखादं दार, एखादं झाड येतं आणि आपण पुढच्या प्रसंगात. १ नंबरच्या लेण्यात अशाच एका जातकातला महाजनक राजा घोड्यावर बसून वेशीतून बाहेर पडतो. ती वेस म्हणजे सांधाच आहे. चित्रकाराला ठाऊक होतं की माणूस चालत चालत बघणार, म्हणून त्याने सांधा चित्रातल्याच वस्तूचा केला, वरून चिकटवला नाही. हे मी पुढे वापरलं, सांगतो.

रिळांच्या काळात डिझॉल्व्ह महाग होता. एडिटर फिल्मवर पेन्सिलने तिरकी रेघ ओढायचा, आणि मग लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर दोन्ही शॉट एकावर एक छापून नवा तुकडा बनायचा. कॉपीची कॉपी असल्यामुळे तो तुकडा थोडा भुरकट यायचा. जुना हिंदी सिनेमा बघताना लक्ष ठेवा, चित्र अचानक किंचित मळकट झालं की समजायचं, आता हे विरणार. पैसे आणि दिवस मोजावे लागत, त्यामुळे गरज असेल तरच माणूस डिझॉल्व्ह मागायचा. पुढे व्हीएचएसवर लग्नं आली, मिक्सर आले, आणि बटण दाबलं की बदामाच्या आकारात नवरी दिसायला लागली. आजही आमच्याकडे गिऱ्हाईक “एडिटिंग झालं का” म्हणत नाही, “मिक्सिंग झालं का” म्हणतं. फुकट मिळालेल्या वस्तूचं जे होतं ते त्याचं झालं. मीही तीन वर्षं बदाम विकलेत, त्यामुळे फार बोलत नाही.

आता ट्रेलर. हा शब्दच गमतीचा आहे, कारण ट्रेल म्हणजे मागून येणं. सुरुवातीला ही जाहिरात मुख्य सिनेमा संपल्यावर दाखवत, म्हणून ट्रेलर. सिनेमा संपला की लोक उठून जातात हे कळल्यावर ती पुढे आली, नाव मात्र मागचंच राहिलं. पहिला ट्रेलर म्हणून ज्याचा दाखला देतात तो १९१३ चा, न्यूयॉर्कमधला. निल्स ग्रॅनलंड नावाच्या थिएटरच्या जाहिरातवाल्याने केलेला, आणि तोही एका नाटकाचा. त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे आपला सिनेमा आणि जगातला ट्रेलर एकाच वयाचे.

पोरांना जी गोष्ट पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला ती ही. सिनेमातला सांधा प्रेक्षकाला सांगतो की या दोन शॉटच्या मध्ये किती वेळ गेला, किती अंतर आहे. ट्रेलरमधला सांधा नेमकं तेच लपवतो. ट्रेलरमध्ये शेजारी बसलेले दोन शॉट मूळ फिल्ममध्ये वीस मिनिटांनी लांब असतात. दिवस वेगळा, उजेड वेगळा, कपडे वेगळे. तरी बघणाऱ्याला ते सख्खे वाटले पाहिजेत, आणि तरी त्यांच्यामधली मुख्य गोष्ट कळता कामा नये. आमच्या फिल्मपुरतं सांगायचं तर बोअरला पाणी लागलं का, ही ती गोष्ट. ते कळलं तर ३४ मिनिटं कोण बसणार?

म्हणून ट्रेलरचं सगळ्यात मोठं हत्यार काळा पडदा. हाच काळा सिनेमात ‘प्रकरण संपलं’ म्हणतो आणि ट्रेलरमध्ये ‘पुढचं तू सांग’ म्हणतो. त्याची लांबी बदलली की अर्थ बदलतो. तीन-चार फ्रेमांचा काळा म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. तो जाणवत नाही, पण आधीच्या शॉटचा उजेड डोळ्यातून धुऊन निघतो, आणि भर दुपारच्या शॉटनंतर रात्रीचा शॉट लावला तरी खडा लागत नाही. दहा-बारा फ्रेमांचा काळा म्हणजे श्वास. ट्रेलरच्या सुरुवातीला माणसं संथपणे उजळतात, एक वाक्य बोलतात आणि काळ्यात बुडतात, ते बहुतेक या मापाचं असतं. दर काळ्याला वाटतं की आता काहीतरी कळेल, आणि कळत नाही. सव्वा-दीड सेकंदाच्या पुढे काळा गेला की तो प्रश्न होतो. प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो.

काळं होण्याचीही दोन वळणं आहेत. हळूहळू काळं झालं तर मन निवतं. एकदम झालं तर हिसका बसतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट आठवा. जब्या दगड भिरकावतो, दगड थेट आपल्या अंगावर येतो, आणि पडदा काळा. तिथे हळूहळू काळं केलं असतं तर दगड लागला नसता. एवढा फरक एका सांध्याने पडतो.

आमच्या ट्रेलरमध्ये बोअरच्या गाडीचा रॉड खाली जातोय, भोवती पांढरा फुफाटा, मुलगा ओरडतो, म्हातारा मान वळवतो, आणि कट करून काळा. त्याच्या पुढे काय आहे ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. ट्रेलर तिथेच उभा राहिला.

पांढऱ्या लखलखाटाबद्दल थोडं. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात शॉट सुरू होताना आणि थांबताना रीळ पूर्ण वेगात नसायची, त्यामुळे त्या फ्रेमवर जास्त उजेड पडून त्या पांढऱ्याफट्ट व्हायच्या. फेकायच्या त्या फ्रेम कुणीतरी मुद्दाम ठेवल्या आणि फॅशन झाली. आठवण, धक्का, वीज कडाडणं, यांना एखादा पांढरा चालतो. आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये शेवटच्या १२ सेकंदांत ३१ होते, काही जागी तर एकाला एक खेटून. यात नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट काही माणसांना फिट आणू शकतात. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा रंग झपाट्याने चमकला आणि ६०० हून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. सेकंदाला तीनची मर्यादा वेबसाइटच्या जागतिक नियमांतही आहे. गणपतीत मंडळाचा व्हिडिओ करणाऱ्या पोरांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

ट्रेलरच्या मधल्या भागात वेग वाढतो, शॉट लहान होत जातात. इथे डोळ्याचं गणित लागतं. चित्र बदललं की डोळा नवीन जागा शोधून तिकडे उडी मारतो, आणि ती उडी सुरू व्हायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाच फ्रेम. समजा शॉट दहा फ्रेमांचा आहे. आधीच्या शॉटमध्ये म्हाताऱ्याचा चेहरा डाव्या कोपऱ्यात होता आणि या शॉटमध्ये बैल उजव्या कोपऱ्यात आहे, तर निम्मा शॉट डोळ्याच्या प्रवासातच गेला. आईला म्हातारा का भेटला नाही, त्याचं अर्ध उत्तर हे. दुसऱ्या आवृत्तीत मी शॉटमधलं चित्र थोडं सरकवून, थोडं मोठं करून महत्त्वाची वस्तू दर वेळी जवळपास त्याच जागी आणली. चेहऱ्याच्या जागी शिंग, शिंगाच्या जागी नारळ, नारळाच्या जागी रॉड. शॉटची लांबी तेवढीच छोटी ठेवली, तरी सगळं दिसायला लागलं. मोबाइलच्या पडद्यावर डोळ्याला लांब जावं लागत नाही म्हणून ही चूक झाकली जाते; प्रोजेक्टर लावला की उघडी पडते.

अर्ध उत्तर म्हणालो, कारण उरलेलं अर्ध माझ्या झूम आणि फिरक्यांमध्ये होतं. असला एक इफेक्ट १२ ते १५ फ्रेम खातो. सत्तर इफेक्ट म्हणजे ३३ सेकंदांहून जास्त. दीड मिनिटाच्या ट्रेलरमध्ये एवढा वेळ लोक नुसता चिखल बघत होते. शिवाय सगळे सांधे एकाच जोराने ओरडायला लागले की कुठला महत्त्वाचा ते कळत नाही. वरातीतल्या डीजेला ‘आता नवरी आली’ हे सांगता येत नाही, कारण तो सकाळपासून तेवढ्याच आवाजात वाजतोय.

पोरांना अगदी रुखंसुखं नको होतं, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मग अजिंठ्याचा धडा काढला. सांधा चित्रातल्या वस्तूचाच करायचा. बोअरच्या फुफाट्याने एका शॉटमध्ये पडदा पूर्ण भरतो. दुसरीकडे म्हाताऱ्याची सून परातीत ज्वारीचं पीठ चाळते, त्याचाही पांढरा धुरळा उठतो. फुफाटा भरला की तिथे कापलं, पीठ उडतंय तिथे जोडलं. सांधा कुठे आहे ते माझं मलाच शोधावं लागतं. कोरड्या विहिरीचा वरून घेतलेला गोल काठ आणि चुलीवरचा काळा तवा, हा दुसरा. आकाराला आकार जोडला की त्याला मॅच कट म्हणतात. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त आदिमानवाने हवेत फेकलेलं हाड पुढच्या फ्रेमला अवकाशातलं यान होतं, लाखो वर्षं एका कटात जातात. आमचा तवा एवढा मोठा नाही, पण विहीर आटली तर भाकरीचं काय, हे बोलायला एक वाक्य लागलं असतं, ते वाचलं.

कॅमेरा झटक्यात फिरवला की चित्र पुसट होतं. असे दोन पुसट शॉट जोडले की सांधा दिसत नाही. हा व्हिप पॅन. तो शूटिंगलाच घ्यावा लागतो. बाजाराच्या शॉटमध्ये कॅमेरामनने चुकून असा झटका दिला होता, तो कामी आला. स्पीड रॅम्प (चित्राचा वेग मध्येच वाढवणं-घटवणं), चित्र फाडणं, प्रिझम (एकाची अनेक चित्रं दिसणं) वगैरे वाढदिवसाच्या स्टेटसला शोभतं, तिथे गोष्ट सांगायची नसते, भाऊ मोठा दाखवायचा असतो.

आता आवाज, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. ट्रेलरमधले निम्मे सांधे डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येतात. एडिटिंगच्या पट्टीवर वर चित्र असतं, खाली आवाज. दोन्ही एकाच जागी कापले तर सरळ कट. पुढच्या शॉटचा आवाज आधी सुरू केला आणि चित्र मागून आणलं, तर पट्टीवर इंग्रजी जे अक्षरासारखा आकार होतो, म्हणून जे-कट. आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्राखाली लांबवला तर एल-कट. नावं बघून पोरं दबकली, पण हे आपण रोज जगतो. एसटी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो आणि माणसं पिशव्या उचलतात, तो जे-कट.

फिल्ममध्ये म्हाताऱ्याचं एक वाक्य आहे. बैल विकायचा ठरल्यावर तो म्हणतो, “बैल गेला तर घरात आवाज कशाचा ऱ्हाईल?” मूळ फिल्ममध्ये हे बोलताना त्याचा चेहरा दिसतो. ट्रेलरमध्ये मी चेहरा ‘बैल गेला तर’पर्यंत ठेवला आणि उरलेलं वाक्य रिकाम्या खुंट्यावर सोडलं. खुंटा, दाव्याचा तुटका पीळ, खाली वाळलेलं शेण, आणि वरून त्याचा आवाज. हा एल-कट. वाक्य संपल्यावर चार सेकंद काहीच लावलं नाही. मग चित्र बदलायच्या आधी लांबून बोअरच्या गाडीची घरघर आत आली. हा जे-कट. प्रश्न म्हाताऱ्याने विचारला आणि उत्तर सांध्याने दिलं. याला संगीत लागलं नाही.

ट्रेलरवाल्यांच्या तयार आवाजांमध्ये दोन जिन्नस असतातच. एक रायझर, म्हणजे चढत चढत जाणारा सूर, काहीतरी येतंय असं सांगणारा. दुसरा हिट, म्हणजे धप्प करून पडणारा ठोका. २०१० च्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरपासून भोंग्यासारखा दणदणीत ‘ब्रॉऽम’ जगभर पसरला, तो पुढे ज्याच्या त्याच्या ट्रेलरमध्ये. आम्हाला तो विकत घ्यायची गरज नव्हती. रॉड बदलताना बोअरच्या गाडीच्या कॉम्प्रेसरचा आवाज खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. तो चढणारा तुकडा कापून घेतला, थोडा ताणला, झाला रायझर. हिटच्या जागी पाणाड्याच्या नारळाचा दगडावर फुटल्याचा आवाज.

शेवटच्या वेगवान तुकड्याखाली पोरांनी गोंधळातलं संबळ मागितलं. ते चांगलं जमलं, फक्त एक मोह टाळावा लागला. दर ठोक्याला कट मारला की चार ठोक्यांनंतर कानाला पुढचा कट आधीच कळतो आणि चित्रं कवायत करायला लागतात. म्हणून तीन ठोके धरायचे, चौथा सोडायचा, आणि एखादा शॉट मुद्दाम दोन ठोके लांबवायचा. आणखी एक, हा निव्वळ माझा अनुभव आहे. कट ठोक्याच्या अगदी डोक्यावर ठेवला तर किंचित उशिरा वाटतो. एक-दोन फ्रेम आधी ठेवला की बरोबर बसतो.

मग एक भांडण झालं. फिल्ममध्ये मुलगा बोअरच्या एजंटला वैतागून म्हणतो, “तुमच्यापायी मी गाव सोडून जाईन.” मी ते वाक्य उचललं आणि त्याच्या शेजारी बापाचा पडलेला चेहरा लावला. ट्रेलरमध्ये मुलगा बापालाच बोलतोय असं झालं. दिग्दर्शक खूश. सांध्याची कमाल म्हणून मीही खूश. पण त्याच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या म्हाताऱ्याने, मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाले, “हे पोरगं मला असं कवाच बोललं न्हाई. लोक काय म्हनतील?” आम्ही समजावलं की ट्रेलरमध्ये असं चालतं. चालतंही, उलटसुलट क्रम, दुसरीकडची प्रतिक्रिया, फिल्ममध्ये नसलेलं वाक्यसुद्धा लोक ट्रेलरमध्ये घालतात. मी दोन दिवस विचार करून ते काढलं. आधीचं नंतर करायला, अर्ध लपवायला माझी हरकत नाही. पण नातंच बदललं तर फिल्म बघायला आलेला माणूस पहिली दहा मिनिटं ते भांडण शोधत बसतो आणि म्हाताऱ्याची खरी गोष्ट त्याच्या हातून निसटते. दिग्दर्शक आठवडाभर गाल फुगवून होता.

व्हॉट्सॲपचं गणितही मोजावं लागतं, कारण ट्रेलर शेवटी तिथेच फिरणार. फाइल लहान करताना मशीन प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच लिहून ठेवतं. साध्या कटला एकदाच सगळं नवीन लिहावं लागतं. डिझॉल्व्हमध्ये मात्र दर फ्रेमला पडद्याचा प्रत्येक ठिपका बदलत असतो, मशीनची तारांबळ उडते आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात. लखलखाट आणि उडती धूळ यांचंही तेच. आमचा फुफाटा व्हॉट्सॲपवर गेला की फरशी बसवल्यासारखा दिसायचा. मी धुळीचा शॉट आठ फ्रेमांनी छोटा केला, तीन डिझॉल्व्ह काढून त्या जागी छोटे काळे ठेवले. काळ्याला साठवायला जवळजवळ काहीच लागत नाही.

दुसरी आवृत्ती १ मिनिट ३२ सेकंदांची झाली. ६४ सांधे, त्यातले ५१ साधे कट. आईला दाखवली. ती म्हणाली, “बैल इकू द्यायचा नव्हता त्याला.”

ट्रेलर पहिल्यांदा लोकांसमोर लागला तो पोरांच्या गावात, मारुतीच्या पारावर, सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, कीर्तन संपल्यावर. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, मंडपवाल्याचे दोन स्पीकर. पोरांना धडधडत होतं, मी आपला मागे उभा. खुंटा आला तेव्हा बायाबापड्या चुकचुकल्या. संबळ चढलं, रॉड खाली गेला, फुफाटा, ओरडणं, म्हाताऱ्याने मान वळवली, आणि काळं. सगळा आवाज बंद. माझ्या मापाने पावणेदोन सेकंद, त्यानंतर नाव.

एका सेकंदात अंधारातून आवाज आला, “लाईट गेली!” दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावला. तिसरा उठून वायरकडे निघाला, त्याचा पाय लागून चादरीची एक बाजू सुटली, आणि फिल्मचं नाव पडद्याऐवजी त्याच्या पाठीवर उमटलं.

घरी येऊन मी त्या काळ्याखाली बैलाच्या घुंगरमाळेचा एक बारीक आवाज टाकला. लांबून येणारा, एकदाच.